मायच्या मापाचं कॅबिनेट

आमच्या घरात एक नियम होता आणि तो मायनं केलेला होता. खोलीत कुठलीही वस्तू ठेवायची, तर ती जेवढी उंच असेल तेवढी जागा तिच्या आणि अंथरुणाच्या मधे सुटली पाहिजे. म्हणजे वस्तू कलंडली तरी झोपलेल्या माणसापर्यंत पोचायला नको. माय हे वितीनं मोजायची. आधी वस्तू उभी मोजायची, मग तेवढ्याच विती फरशीवर टाकत अंथरुणाच्या काठापर्यंत यायची. वीत अंथरुणावर पडली तर वस्तू खोलीबाहेर.

या नियमापायी आमचं लोखंडी कपाट चुलत्याकडे गेलं. भिंतीवरची फळी उतरली. डबे, पातेली, देवाची तसबीर, सगळं जमिनीलगत आलं. नवा माणूस घरात आला की त्याला वाटायचं, ही मंडळी आजच राहायला आलीत आणि सामान अजून लावायचं आहे.

नियमाचं कारण मायच्या उजव्या खांद्यात होतं. औसा तालुक्यातल्या आमच्या गावी, दगडी भिंतींच्या माळवदाच्या घरात, भूकंपाच्या पहाटे तिच्या अंगावर भिंत पडली नाही, उतरंड पडली. एकावर एक रचलेले हंडे आणि मडकी. त्यातला पितळी हंडा खांद्यावर आला. मी अंगणात झोपलो होतो आणि वडील, म्हणजे आमचे दादा, रानात होते. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. आजूबाजूच्या घरांबद्दल मी लिहीत नाही. "तो हंडा अंथरुणापासून चार हात लांब असता तर मला काही झालं नसतं," एवढंच माय नंतर सांगायची. तिचा हात पुढे कधी पूर्ण वर गेला नाही. वेणी घालताना ती मान खाली घ्यायची.

पुढे आम्ही लातूरला आलो. दादांना डाळ मिलमध्ये काम मिळालं. आम्ही दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं आणि ते मुद्दाम पत्र्याचं घेतलं. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली भाकरीसारखं भाजून निघायचो, पण स्लॅबच्या घरात माय पाऊल टाकायला तयार नव्हती. मी शिकत गेलो आणि गाव बदलत गेलं. शिकवणीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले. बाहेरगावची मुलं ट्रंक आणि गादी घेऊन येऊ लागली. ज्याच्याकडे एक जादा खोली होती त्यानं ती मुलांना दिली. आम्हीही पुढची खोली अहमदपूरच्या दोन मुलांना दिली आणि बहिणीचं लग्न झाल्यावर उरलेले आम्ही तिघं मागच्या खोलीत आलो. त्या एका खोलीत स्वयंपाक, देव आणि तीन अंथरुणं होती. मायचा नियम पाळायला एवढ्या जागेत किती कसरत करावी लागत असेल, याचा अंदाज यावा.

मी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. तिथल्या संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं आणि आत गारवा असायचा. सुट्टीत आल्यावर हे मायला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग देवघरच की ते." तिच्या मनात संगणकाबद्दल तेव्हापासून एक आदर होता. ते देवघर आपल्या खोलीत येणार आहे, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

पदवी हातात आली आणि माझ्यापुढे दोन वाटा आल्या. पुण्यात एका मित्रानं त्याच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला होता. महिनाअखेरपर्यंत ये, असा त्याचा निरोप होता. दुसरी वाट आमच्या गल्लीच्या टोकाला होती. तिथे भौतिकशास्त्राचा वर्ग चालवणारे एक सर होते. त्यांना चाचण्यांचे पेपर टाइप करून देणारा माणूस हवा होता. बाहेरच्या दुकानात पेपर दिले की सूत्रं चुकायची. घातांक खाली यायचे, मुळाचं चिन्ह गायब व्हायचं आणि वर्गात मुलं गोंधळ घालायची. ते मला म्हणाले की स्वतःचा संगणक घरात असेल तर वर्षभराचं काम तुला, आणि माझ्या ओळखीच्या दोघातिघांचंही तुलाच. त्यांच्याकडे एकच संगणक होता आणि त्यावर दिवसभर फीच्या पावत्या निघायच्या.

मला घरी राहायचं होतं. दादांचं वय झालं होतं, मायचा हात असा. बहीण मुदखेडला दिलेली. चार वर्षं मी बाहेर राहिलो आणि त्या चार वर्षांत माझ्यासाठी या दोघांनी काय काय सोडलं ते मी पाहिलं होतं. पुण्याला गेलो असतो तरी कुणी अडवलं नसतं. मायनं तर मला राहा असं एकदाही म्हटलं नाही. ती म्हणाली नाही म्हणूनच मला जास्त कळत होतं.

तयार संगणक आवाक्याबाहेर होता. सुटे भाग आणून घरी जोडायचा असं मी ठरवलं. कॉलेजात मित्रांचे जोडून दिले होते, त्यामुळे हाताला सवय होती. मायला सांगितलं. तिनं विचारलं, "केवढा असतो?"

मी तिला सरांच्या वर्गात घेऊन गेलो. तिथे टेबल होतं, टेबलावर मॉनिटर आणि शेजारी उभं, उंच कॅबिनेट. मॉनिटर म्हणजे त्या काळचा, मागे मोठं पोट असलेला, उचलायला दोन हात लागणारा. मायनं त्या सगळ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मला वाटलं ती पदर सावरतेय, पण ती वीत टाकत होती. टेबलाच्या पायापासून वर मोजत गेली आणि अर्ध्यातच थांबली, कारण पुढे हात जात नव्हता. आमच्या दारात आल्यावर म्हणाली, "तू पुण्याला जा बाबा. त्ये खोलीत नको."

त्या दिवशी मला कळलं की माझं राहणं न राहणं नोकरीवर अवलंबून नाही, ते एका पत्र्याच्या डब्याच्या आकारावर अवलंबून आहे.

मी वाद घातला नाही. आमच्या घरात त्या नियमाशी कुणी वाद घालत नसे, दादासुद्धा नाही. मी खोली मोजायला घेतली. ट्रंकेच्या आणि चुलीकडच्या भिंतीच्या मधे एक कोपरा होता. तिथून सगळ्यात जवळचं अंथरूण तीन वितींपेक्षा जरासं लांब. म्हणजे जे काही ठेवायचं ते जमिनीपासून तीन वितींच्या आत हवं. टेबल बाद. एवीतेवी आमच्या घरात खुर्चीही नव्हती, मी मांडी घालूनच लिहिलं-वाचलं होतं. मांडी घालूनच टाइप करायचं ठरवलं. मॉनिटर चौरंगावर ठेवला आणि कॅबिनेट शेजारी उभं केलं तर दोन्ही तीन वितींत बसत होती. पण मग रुंदी वाढत होती आणि ट्रंक हलवावी लागत होती.

मी ट्रंक हलवून भिंतीला टेकवली. मायनं लगेच ती परत ओढली. तिच्या नियमाचं एक पोटकलम होतं, ते मी विसरलो होतो. भिंतीला काही टेकवायचं नाही, वीतभर जागा सोडायचीच. भिंतीचा भरवसा काय. म्हणजे संगणकही भिंतीपासून वीतभर पुढे येणार. माझं सगळं माप पुन्हा चुकलं; जवळचं अंथरूण वीतभर मागे घेऊन मी तीन विती कशाबशा राखल्या, पण रुंदी बसेना. दादा दारात विडी ओढत हे पाहत होते. ते म्हणाले, "इंजिनेर झालास, आता पास हो मायच्या शाळेत."

अशा तऱ्हेनं डोक्यात मापं घेऊन मी नांदेडला गेलो. लातुरात दोन दुकानं होती, पण सुट्या भागांचा माल नांदेडला जास्त असायचा आणि तिथले भाव मला कॉलेजपासून माहीत होते. मुदखेडला बहिणीकडे मुक्काम केला. दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, रेल्वेत होते. ते सुट्टी काढून माझ्याबरोबर आले. मेव्हण्याच्या खरेदीला आपण नसलो तर शोभत नाही, असं त्यांचं मत होतं. अंगानं चांगले भरलेले आणि तोंडानं त्याहून.

दुकानात शिरल्याबरोबर दाजींनी सगळ्यात मोठ्या कॅबिनेटवर हात ठेवला. उंच, पांढरं, समोर दोन दिवे. "हे घ्या," ते म्हणाले. मी म्हटलं की यात अर्धी जागा रिकामी राहील, मला एवढं काही बसवायचं नाही. ते म्हणाले, "राहू द्या की रिकामी. लोकाला आतलं दिसून राहिलं का? दारात माणूस आला तर त्याला कळाय पाहिजे, इंजिनेराचं घर हाय."

मी दुकानदाराला सांगितलं, लहानात लहान दाखवा. तो पन्नाशीचा, चष्म्याची दोरी गळ्यात असलेला, सावकाश बोलणारा माणूस होता. त्यानं एक लहान उभं कॅबिनेट काढलं. त्याच्या तोंडाला गडद निळी चकचकीत पट्टी होती. मला ते फार आवडलं. आत पाहिलं तर मांडणी नीट होती. लहान मदरबोर्ड बसत होता, वारा आत यायला आणि बाहेर जायला जागा होती, वीजपुरवठ्याचा डबा नेहमीच्या आकाराचा लागत होता, म्हणजे उद्या जळला तर कुठेही मिळेल. लहान कॅबिनेट घेताना मी हेच बघतो, आजही. लहान दिसतं म्हणून घ्यायचं आणि मग त्याच्या आतला एकेक भाग खास मागवत बसायचं, असं कित्येकांचं होतं. त्या दिवसांत तर मागवणार कुठून.

मन त्या निळ्या पट्टीवर बसलं होतं, तरी मी दुकानदाराला विचारलं, "हे पाडून बघू का?"

दुकानदारानं चष्मा वर केला. दाजी दुसरीकडे बघू लागले, मी जणू त्यांच्या ओळखीचाच नव्हतो.

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. घरात जमिनीवर ठेवायचं आहे, शेजारी माणसं झोपतात, कलंडलं तर कुठवर येतं ते बघायचं आहे. बोलता बोलता मी फरशीवर बसलो आणि माझं डोकं जिथे अंथरूण असेल तिथे टेकवून दाखवलं. रस्त्यावरून जाणारे दोघं थांबले. दाजी म्हणाले, "उठा मेव्हणे. मी नोकरीवाला माणूस हाव, मला या गावात परत यायचंय."

दुकानदारानं मला विचारलं, "तुम्ही किल्लारीकडचे का?"

मी म्हटलं, हो, भूकंप झाला त्याच बाजूचा.

तो आत गेला, एक पोतं आणलं, ते दुहेरी करून फरशीवर अंथरलं. निळ्या पट्टीचं कॅबिनेट त्याच्या कडेला ठेवलं आणि स्वतःच्या बोटानं वरून ढकललं. ते पटकन कलंडलं. उभं, अरुंद, हलकं. आत सामान भरल्यावर वजन वाढेल हे खरं, पण मॉनिटर शेजारी, वायरी मागे, आणि कुणाचा पाय लागला तरी ते जाणार. तो पोत्यावर पडलेल्या डब्याकडे बघत म्हणाला की त्याच्या थोरल्या बहिणीकडे अजून पलंगाच्या वरच्या भिंतीवर घड्याळसुद्धा लावत नाहीत. ती औशाला दिलेली होती. मग म्हणाला, "जरा सबूर करा," आणि पुन्हा आत गेला.

या खेपेला त्यानं आणलेलं कॅबिनेट आडवं होतं. मिठाईच्या मोठ्या खोक्यासारखं, वीतभरापेक्षा कमी उंच, रुंद आणि बसकं. रंग पिवळट पडलेला. आता असे कुणी मागत नाही, सगळ्यांना उभे पाहिजेत, म्हणून मागे पडून होतं असं त्यानं सांगितलं. मी ते उघडलं. माझा मदरबोर्ड बसत होता. कार्ड उभी बसायला उंची पुरत होती. एकच अडचण, सीडीचा डबा बरोबर मेमरीच्या वर येत होता आणि वायरी घडी घालून कोंबाव्या लागणार होत्या. पण त्याला ढकलून पाडता येत नव्हतं. दुकानदारानं बोट लावलं, मग तळवा लावला. ते सरकलं, कलंडलं नाही.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात मापं जुळली. यावर मॉनिटर ठेवला तर चौरंग लागणारच नाही. कॅबिनेटच चौरंग. रुंदी एकाचीच, उंची दोघांची मिळून तीन वितींच्या आत, आणि मांडी घालून बसल्यावर पडदा बरोबर डोळ्यांसमोर. मला एवढा आनंद झाला की मी पुन्हा फरशीवर बसलो.

दुकानदार म्हणाला की वरचा पत्रा मॉनिटरच्या वजनानं वाकतो का ते एकदा बघितलेलं बरं. दुकानात भारी मॉनिटर उघडा नव्हता. आम्ही दोघांनीही दाजींकडे पाहिलं.

दाजींना कळायला क्षणभर लागला. मग ते म्हणाले, "मी जावई हाव. तुमच्या घरचा जावई."

मी म्हटलं, "म्हणून तर दाजी. पाट मांडलाय, बसा."

ते बसले. आधी काठावर, मग पुरते. दुकानदारानं खाली वाकून पत्र्याखालून बघितलं. पत्रा वाकला नव्हता. दुकानदारानं चहा मागवला आणि दाजींनी तो कॅबिनेटवरून न उठता, जावयाच्या ऐटीत प्यायला. परतताना ते मला म्हणाले की पाटावर, पलंगावर, खुर्चीवर सगळीकडं मान मिळाला, डब्यावर पहिल्यांदाच. पुढे कित्येक वर्षं घरी आले की ते त्या कॅबिनेटकडे बोट दाखवून सांगायचे की याला आपण पास केलंय.

एसटीनं लातूरला आलो, कॅबिनेट मांडीवर घेऊन. बाकीचे भाग पिशवीत. मॉनिटर लातुरातच घेतला.

दुपारी जोडायला बसलो. आडव्या डब्यात जोडणं म्हणजे भरल्या पिशवीत आणखी जोंधळे भरणं. सीडीचा डबा बसवायला मेमरी काढावी लागली, मेमरी बसवायला सीडीचा डबा. वायरींच्या घड्या घालून त्या दोऱ्यानं बांधल्या. पत्र्याच्या कडेनं बोटं कापली. पुढच्या खोलीतली मुलं अभ्यास सोडून दारात उभी राहिली. माय पीठ चाळत होती, पण चाळणीकडे बघत नव्हती.

शेवटी मॉनिटर वर ठेवला. मायनं उठून वीत टाकली. वर मोजलं, खाली मोजलं. अंथरुणाच्या काठाला पोचायला चार बोटं कमी. भिंतीकडे वाकून पाहिलं, वीतभर फट होती. मला त्या फटीची कटकट वाटली होती, पण कॅबिनेटचा गरम वारा मागूनच बाहेर पडणार होता आणि पत्र्याच्या घरात त्याला ती वाट फार उपयोगी पडली. मायनं एवढंच म्हटलं, "बसतंय." आणि पीठ चाळायला गेली. मी आणि दादांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग मी बटण दाबलं.

पंखा सुरू झाला. पडद्यावर अक्षरं आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी सीडी घातली. त्या काळच्या सीडीचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगतो, ती आधी हळू फिरायची, मग एकदम वेग घ्यायची आणि सगळा डबा घुमायचा. मोठ्या जड कॅबिनेटमध्ये तो आवाज जिरतो. इथे पत्रा हलका, खाली फरशी, आणि कॅबिनेटचा एक कोपरा ट्रंकेला लागलेला. ट्रंकेवर पाण्याची कळशी, कळशीवर ताटली, ताटलीवर पेला. पहिल्यांदा पेला वाजला. मग ताटली थरथरली. मग ट्रंक घुमू लागली, जमिनीतून आल्यासारखी.

मायनं चाळणी टाकली. "भाईर," एवढंच तिच्या तोंडून आलं. तिनं जवळच्या मुलाचं मनगट धरलं आणि त्याला ओढत ती बाहेर पळाली. दुसरा मुलगा तिच्यामागे. दादा पळाले. मी पळालो. मला ठाऊक होतं तो आवाज कशाचा आहे, मीच तो सुरू केला होता, तरी माझे पाय मला विचारायला थांबले नाहीत. आम्हाला बघून शेजारच्या बाया बाहेर आल्या, समोरच्या घरातली शिकवणीची मुलं पुस्तकांसकट बाहेर आली, आणि बघता बघता गल्ली भरली. सगळे आपापल्या भिंतींकडे बघत उभे.

मी सांगितलं, संगणक आहे. दोनदा सांगावं लागलं. मग हसणं पसरत गेलं, आधी मुलांत, मग बायांत. शेजारची एक काकू म्हणाली, "घरात भूकंप इकत आणला बाई पोरानं." पुष्कळ जण हसले. माय हसली नाही. पिठाच्या हातांनीच ती समोरच्या ओट्यावर बसली आणि स्वयंपाकाच्या वेळेपर्यंत घरात आली नाही. तिनं त्या दिवशी अंथरूणही अंगणात टाकलं.

मी संगणक बंद केला होता. दादांना मी सांगितलं की कॅबिनेट परत करतो, बाकीचे भाग सर विकत घेतात का विचारतो आणि पुण्याला निघतो. मला राग आला नव्हता. तिला पुन्हा तसं पळताना बघायची माझी तयारी नव्हती. दादा म्हणाले, घाई करू नको, तिला विचारल्याशिवाय काही गुंडाळू नको.

सकाळी उठलो तर माय कोपऱ्यात बसली होती. तिच्या पुढ्यात जुन्या लुगड्याच्या चिंध्या होत्या आणि ती चुंबळी वळत होती. डोक्यावर घागर ठेवताना किंवा गोल बुडाचं मडकं जमिनीवर बसवताना खाली घालतात त्या चुंबळी, पण अगदी लहान, मूठभर. चांगल्या घट्ट वळलेल्या. ट्रंक तिनं आधीच बाजूला सरकवली होती. कळशी चुलीपाशी गेली होती.

"उचल त्ये," ती म्हणाली.

मी आणि दादांनी मॉनिटर उतरवला, कॅबिनेट उचललं. तिनं चार कोपऱ्यांखाली चार चुंबळी ठेवल्या, हातानं दाबून सारख्या केल्या. आम्ही कॅबिनेट ठेवलं, वर मॉनिटर ठेवला. उंची जराशी वाढली होती. तिनं मोजली नाही. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, "बसतंय म्हणले न्हवं काल."

मग ती कॅबिनेटच्या शेजारी मांडी घालून बसली, डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि म्हणाली, "लाव."

मी बटण दाबलं. पंखा लागला. तिची बोटं ताठ झाली, पण हात निघाला नाही. "त्यो दुसरा आवाज लाव," ती म्हणाली. मी सीडी आत ढकलली. डबा घुमला. चुंबळींमुळे फरशी घुमत नव्हती, पेला वाजत नव्हता, पण आवाज होताच. तिनं डोळे मिटले. मी विचारलं, काढू का सीडी. तिनं मानेनं नको म्हटलं. आवाज थांबल्यावर म्हणाली, "परत."

मी परत लावली. ती ऐकत होती. सीडी कधी वेग घेते, कधी मंदावते, कधी थांबते, ते सगळं ती हातानं शिकत होती. पुढच्या खोलीतली मुलं शिकवणीला गेली. दादा मिलमध्ये जायला निघाले आणि दारातच थांबले. किती वेळा लावली ते मला आठवत नाही. एकदा तर सीडीनं वेग घ्यायच्या आधीच ती म्हणाली, "आता घुमंल," आणि ती घुमली.

तेव्हा तिनं हात काढला.

"कशाचा हाय त्ये ठावं झालं की न्हाई भ्या वाटत," ती म्हणाली. मग उठताना गुडघ्यावर हात टेकून म्हणाली, "त्या पुण्याच्या दोस्ताला फोन करून ये. त्याला म्हणावं, दुसरा माणूस बघ. आन् येताना कोथिंबीर आन, थोडी जास्त आन, वडी करते."

दादा दारातून निघून गेले. ते चालताना मान हलवत होते, कुणीतरी काही विचारलं आणि त्याला हो म्हणावं तशी.

मी चौकातल्या फोनच्या दुकानात गेलो. सकाळची वेळ, रस्ता शिकवणीच्या सायकलींनी भरलेला. मित्राला सांगितलं की मी येत नाही. त्यानं कारण विचारलं. मी त्याला सांगितलं की लातुरात काम मिळालंय, घरीच. तो म्हणाला, तुमच्या त्या एका खोलीत संगणक ठेवलास कुठे. मी त्याला आडव्या कॅबिनेटचं सांगू लागलो, चुंबळींचं सांगू लागलो, आणि मीटरचे आकडे पळत होते तरी सांगत राहिलो. फोन ठेवल्यावर भाजीवालीकडे गेलो. तिनं विचारलं किती देऊ. मी दोन जुड्या घेतल्या.